राजाच्या रथाचं चामडं कोणी खाल्लं? कुत्र्याच्या चघळण्याचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानात कुत्रा कशाला, आणि तोही चपला कुरतडणारा, असा प्रश्न आजचा विषय वाचून काही जणांना पडला असेल. आपल्या शहरात इतिहास म्हटलं की देवगिरी, मलिक अंबर, खडकी, औरंगजेब, निजाम, मुक्तिसंग्राम हीच नावं डोळ्यांपुढे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण आज आपण जरा उंबऱ्याच्या आत शिरणार आहोत.

सिडकोत जा, सातारा परिसरात जा, बीड बायपासच्या नव्या इमारतींमध्ये जा. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मजल्यावर कुत्रा पाळलेली घरं आता जागोजागी दिसतात. आणि तिथलं गाऱ्हाणं सगळीकडे सारखंच. सोफ्याचा फोम बाहेर काढला, चार्जरची वायर तोडली, दाराची चौकट खरवडली, जोडीतली एकच चप्पल खाल्ली. पैठणी असो की पायपुसणं, त्याला भाव कळत नाही. मग घरात चर्चा होते की हा असं का करतो. उत्तरंही ठरलेली असतात. कोणी म्हणतं मस्ती आली आहे. कोणी म्हणतं, आपण बाहेर गेलो म्हणून सूड उगवतो. कोणी म्हणतं, लाडावून ठेवलाय, दोन फटके दिले की सुधारेल. आणि काही घरांत हे प्रकरण शेवटी एखाद्या रात्री गाडीत घालून त्याला शहराबाहेर सोडून येण्यापर्यंत जातं. घरात वाढलेलं कुत्रं रस्त्यावर फार दिवस टिकत नाही. तेव्हा विषय चपलेचा दिसत असला तरी त्यात एका जिवाचा निकाल असतो, म्हणून तो नीट तपासून पाहायचा.

हे खटले फार जुने आहेत. त्यांच्या नोंदी आपल्या वाङ्मयात आहेत आणि जमिनीतही आहेत. आधी वाङ्मयातली पाहू.

पाली जातकांमध्ये पाचशे सत्तेचाळीस कथा आहेत. दुर्गाबाई भागवतांनी त्या 'सिद्धार्थ जातक' या नावाने मराठीत आणल्या. त्यातलं बाविसावं जातक म्हणजे कुक्कुर जातक. कुक्कुर म्हणजे कुत्रा. गोष्ट वाराणसीची आहे. राजा ब्रह्मदत्त एके दिवशी पांढऱ्या घोड्यांच्या रथात बसून उद्यानात गेला आणि अंधार पडल्यावर परत आला. रथ आणि त्याचा सगळा साज राजवाड्याच्या अंगणात तसाच राहिला. रात्री पाऊस आला, चामडं भिजलं. राजवाड्यात पाळलेली उत्तम जातीची कुत्री वरच्या मजल्यावरून खाली उतरली आणि त्यांनी सगळे चामडी पट्टे खाऊन टाकले. सकाळी सेवकांनी राजाला सांगितलं, महाराज, गटाराच्या तोंडातून कुत्री आत शिरली आणि त्यांनी साज खाल्ला. राजा संतापला. हुकूम सुटला, की दिसेल तिथे कुत्रा मारा.

आता कापाकापी सुरू झाली. शहरातली कुत्री जीव घेऊन पळाली ती स्मशानात. तिथे बोधिसत्त्व कुत्र्याच्या जन्मात होता आणि त्या कळपाचा म्होरक्या होता. त्याने विचार केला, की राजवाड्यावर एवढा पहारा, बाहेरचं कुत्रं आत जाणारच कसं? हे आतल्यांचंच काम. तो एकटा निघाला आणि थेट दरबारात राजाच्या आसनाखाली जाऊन बसला. पुढचा संवाद म्हणजे उत्तम उलटतपासणी आहे. त्याने राजाला विचारलं, गुन्हा काय? चामडं खाल्लं. कोणी खाल्लं? माहीत नाही. माहीत नाही तर मारता कोणाला? सगळ्यांना. सगळ्यांना, की काहींना सोडून? आमच्या राजवाड्यातली सोडून. म्हणजे, बोधिसत्त्व म्हणाला, आधी सगळी म्हणालात आणि आता आपली वगळलीत. हा न्याय नाही, पक्षपात आहे. मग त्याने ताक आणि दर्भ मागवले, दर्भ ताकात कुस्करून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले, आणि त्यांनी चामड्याचे तुकडे राजासमोर ओकून टाकले.

ही कथा सांगितली जाते ती न्यायाची गोष्ट म्हणून. बरोबरच आहे, तिचा तो हेतू आहे. पण आम्हाला तिच्यात कुत्री पाहिलेल्या माणसाचं निरीक्षण दिसतं. कथाकाराने चामडं कोरडं ठेवलेलं नाही, भिजवलं आहे. भिजलं की चामडं मऊ पडतं, त्याचा वास सुटतो. वेळ रात्रीची आहे, वस्तू उघड्यावर आहे, जवळ माणूस नाही. आणि खाणारी कुत्री उपाशी नाहीत. उलट शहरातली सगळ्यात सुखवस्तू कुत्री तीच. ताटात सगळं मिळतं, फक्त जबड्याला काम नाही. स्मशानातल्या कुत्र्यांच्या जबड्याला कामाची कधीच ददात नसणार. तेव्हा 'पोट भरलेलं असताना हा चपला का खातो' या आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या जुन्या कथाकाराला ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही. जातकांच्या गद्य अट्ठकथेचा काळ साधारण इसवी सनाच्या पाचव्या शतकातला मानतात, कथा त्याहून जुन्या. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये जातकांची चित्रं रंगवली जात होती, त्या काळात ही गोष्ट सांगितली-ऐकली जात होती.

दुसरी नोंद हितोपदेशातली. हा ग्रंथ हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. स्वभाव बदलत नाही हे पटवायला तिथे एक दाखला येतो. कुत्र्याला राजा केलं तरी तो जोडे खायचं सोडणार आहे का? पाहा, दाखला म्हणून हीच गोष्ट निवडली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली होती. जोड्यावरून कुत्र्याशी भांडण हा काही फ्लॅटमध्ये जन्मलेला प्रकार नव्हे. मात्र हितोपदेशाचा निष्कर्ष आणि जातकाचा रोख यांत फरक आहे. हितोपदेश म्हणतो, त्याचा स्वभावच तसा, विषय संपला. जातक विचारतं, कुठल्या कुत्र्याने, कधी, कशामुळे. आपल्याकडे पहिल्या पद्धतीने बोलायची सवय जास्त. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं म्हणून आपण हात झटकतो. स्वभाव आहे हे खरंच, ते आपण पुढे पाहू. पण स्वभाव आहे म्हणून तो सोफ्यावरच का निघावा, हे त्याने सुटत नाही.

आता जमिनीतली नोंद. हा भाग जरा विस्ताराने सांगणार आहोत, कारण यात आपल्या गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्याचाही वाटा आहे.

प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. तिथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्या रथात एक माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. मूर्तींच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाले. बहुतेक जण त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडतात. पण काळ काहीही धरा, इतक्या मौल्यवान धातूत इतक्या मेहनतीने रथ ओतताना त्या कारागिराला कुत्रा वगळावासा वाटला नाही. गाडी म्हटली की पुढे कुत्रं आलंच. आजही उसाच्या हंगामात बैलगाड्यांबरोबर, गाडीच्या सावलीत चालणारी कुत्री आपण पाहतोच.

घोडनदीच्या काठी इनामगाव आहे, शिरूर तालुक्यात. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांच्या आसपास जनावरांची हाडं ढिगांनी निघाली, त्यात कुत्र्याचीही होती. पण उत्खननात कुत्रा ओळखायला त्याचं स्वतःचं हाड मिळालंच पाहिजे असं नाही. त्याने चघळलेलं दुसऱ्याचं हाड मिळालं तरी पुरतं. सुळ्यांनी पडलेले गोल खळगे, हाडाच्या टोकाला दातांनी काढलेल्या आडव्या चऱ्या, कुरतडून पोकळ केलेली टोकं, या खुणा शतकानुशतकं टिकतात. हाडांचा अभ्यास करणारे लोक सुरीचा वार आणि कुत्र्याचा दात वेगळा ओळखतात. जॉर्डनमध्ये शुबायका नावाच्या ठिकाणी सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत अशी हाडं मिळाली, की जी कुत्र्याच्या पोटातून जाऊन आलेली होती. पोटातल्या आम्लाने ती झिजली होती, आणि माणसाने गिळावीत अशा आकाराची ती नव्हती. त्यावरून २०१९ साली अभ्यासकांनी मांडलं, की त्या वस्तीत कुत्री माणसांबरोबर मोकळी वावरत होती. विष्ठेवरून इतिहास लिहिला जातो, हे ऐकून नाकं मुरडू नका.

याहून मोठी गंमत आफ्रिकेत झाली. रेमंड डार्ट हे दक्षिण आफ्रिकेतले नावाजलेले शास्त्रज्ञ. मकापान्सगट इथल्या गुहेत त्यांना आदिमानवाच्या अवशेषांबरोबर हजारो हाडं मिळाली. त्यात काही हाडांचे ठरावीकच भाग फार होते. हरणाच्या पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचं, म्हणजे दंडाचं, कोपराकडचं टोक ढिगाने मिळे आणि खांद्याकडचं टोक जवळपास मिळतच नसे. डार्टनी निष्कर्ष काढला, की आदिमानवाने हे तुकडे निवडून गदा म्हणून वापरले. हाडं, दात आणि शिंगं हीच त्याची हत्यारं, तो मुळातच खुनशी शिकारी. पन्नासच्या दशकात हा विचार खूप गाजला.

मग साठच्या दशकात सी. के. ब्रेन नावाचा संशोधक नामिबियातल्या कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांवर गेला. तिथले लोक शेळ्या पाळत आणि खात. खाऊन टाकलेली हाडं कुत्र्यांपुढे जात. ब्रेनने काय केलं, तर कुत्र्यांचं जेवण झाल्यावर उरलेली हाडं गोळा करून मोजली. शेळीच्या दंडाचं कोपराकडचं टोक ढिगाने, आणि खांद्याकडचं टोक जवळपास नाहीच. डार्टच्या गुहेतली विभागणी जशीच्या तशी. कारण साधं होतं. एक टोक घट्ट आणि कठीण असतं, ते उरतं. दुसरं मऊ, सच्छिद्र, चरबीने भरलेलं असतं, ते कुत्री संपवतात. म्हणजे गुहेतला तो ढीग तरस, बिबट्या अशा प्राण्यांच्या दातांखालून गेलेला असणार, आणि माणूस हा जन्मजात खुनी असल्याचा एक मोठा पुरावा गावठी कुत्र्यांनी मोडीत काढला.

हे सांगायचं कारण असं, की ब्रेनने पाहिलं तेच तुमच्या घरातही घडत असतं. कुत्रा कुठलीही वस्तू सरसकट खात नाही, निवड करतो. ज्याला मऊ टोक आहे, ज्यात वास मुरलाय, जे दाताखाली थोडं दबतं आणि मग तुटतं, ते त्याला हवं असतं. चपलेची टाच, रिमोटची रबरी बटणं, लाकडी पायाचा कोपरा, उशीचं टोक. टोकापासून सुरुवात करायची ही त्याची हाडावरची पद्धत आहे. आणि चप्पल तर काय, चामडं, मीठ, घाम आणि त्याच्या आवडत्या माणसाचा वास असं सगळं एकत्र. त्याच्या हिशेबाने घरात तुमच्याइतकं तुमचं दुसरं काही नाही.

दातांचंही थोडं सांगू. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. तीन-साडेतीन महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या सळसळतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की दात आल्यावर चघळणं थांबत नाही, उलट पुढचे काही महिने नव्या जोराने चालू राहतं. माणसं म्हणतात, आता मोठा झाला, आता का करतो? अहो, आताच तर हत्यार हातात आलंय. मागच्या बाजूला वरचा एक आणि खालचा एक असे दोन मोठे दात कात्रीसारखे एकमेकांवर घसरतात. कातडं कापायला, स्नायू तोडायला. म्हणून कुत्रं हाड तोंडाच्या कडेला धरून, डोळे अर्धे मिटून चघळतं. अशा वेळी ते शांत होतं.

मग आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हा त्रास का नव्हता? होता, पण घराबाहेर होता. मराठवाड्यातलं जुनं घर आठवा. दारचं कुत्रं दारातच. ओटा, अंगण, गोठा, खळं, उकिरडा हा त्याचा मुलूख. कोणाचं मालकीचं असं नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक घरातून त्याला भाकरीचा तुकडा पडे. पितृपक्षात कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढायचा. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्यालाही द्यायचा, कारण खंडोबाचं वाहन घोडा आणि सोबती कुत्रा. आपल्या साताऱ्याच्या खंडोबाची जत्रा त्याच दिवसाची. आणि आपल्याच मराठवाड्यातल्या नर्सीच्या नामदेवांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव काठी न घेता तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी खाऊ नको म्हणाले. आज रिमोट पळवणाऱ्या कुत्र्यामागे आपण काय घेऊन धावतो, ते ज्याने-त्याने आठवावं.

या व्यवस्थेला आम्ही रम्य म्हणणार नाही. तिची एक काळी बाजू होती. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा असे. ती ओढायचं, सोलायचं काम ठरावीक जातींवर लादलेलं होतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडायचं आवाहन केलं ते त्या लाचारीतून बाहेर पडण्यासाठीच. त्या जागेवर गिधाडं आणि कुत्री जेवत. पुढे नव्वदच्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडं झपाट्याने मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता आणि उरलेलं मांस कुत्र्यांच्या वाट्याला आलं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्याला इथे एवढंच हवं, की गावातल्या कुत्र्याच्या जबड्याला आयुष्यभर काम होतं. हाड होतं, कातडं होतं, वाळलेली भाकरी होती. भटक्या पारधी-बंजारा तांड्यांबरोबरच्या शिकारी कुत्र्यांना, आपल्याकडे लातूर-उस्मानाबादकडे ज्यांना कारवानी आणि पश्मी म्हणतात त्यांना, तर ससा सुटला की मैलभर धावणं होतं.

मग हे काम कुठे गेलं? एकीकडे जेवण बदललं. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने इंग्लंडमध्ये बंदरावर पाहिलं, की खलाशांची कडक बिस्किटं कुत्री आवडीने खातात, आणि त्याने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. कुत्र्याचं खाणं हा धंदा झाला तो तिथून. पुढे गेल्या शतकाच्या मध्यापासून दाणेदार तयार खाणं आलं. ते वाईट नाही, पोषण असतं त्यात. पण वाटीभर दाणे कुत्रं दोन मिनिटांत संपवतं. ज्या कामाला पूर्वी तास जायचा, ते दोन मिनिटांत आटोपलं आणि उरलेला तास सोफ्याच्या वाट्याला आला.

दुसरीकडे घर बदललं. आपल्या शहराचंच घ्या. गुलमंडी, औरंगपुरा, बेगमपुऱ्यातले वाडे, त्यांना चौक होते. सत्तरच्या दशकात सिडको आली, तिच्या छोट्या घरांनाही पुढे-मागे हातभर मोकळी जागा होती. चिकलठाण्याची एमआयडीसी, मग वाळूज, १९८५ नंतरचे बजाजचे दिवस, शिफ्टच्या नोकऱ्या. शहर वाढलं आणि घरं एकमेकांच्या डोक्यावर चढली. नवरा-बायको दोघं कामावर, मुलं क्लासला. कुत्रं सकाळी दहा ते संध्याकाळी सात एकटं. आणि त्यात आपला उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये डांबर इतकं तापतं, की सकाळी सातनंतर कुत्र्याला बाहेर काढलं तर पंजे भाजतात. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने फिरणंही आखडतं. सोफ्याची तक्रार उन्हाळ्यात वाढावी यात नवल ते काय. कोरोनाच्या टाळेबंदीत पिल्लू आणलेल्या अनेक घरांत तर वेगळाच घोळ झाला. पिल्लाने घर कधी रिकामं पाहिलंच नव्हतं, आणि एका सोमवारी सगळे एकदम ऑफिसला गेले.

इथे एक बारकावा लक्षात घ्या, कारण त्यावर उपाय अवलंबून आहे. कंटाळलेलं कुत्रं आणि घाबरलेलं कुत्रं, दोघंही वस्तू फाडतात, पण नुकसान वेगळं दिसतं. कंटाळ्याचं नुकसान घरभर असतं, तुम्ही घरी असतानाही होतं, आणि त्यात मजा घेतल्यासारखं असतं. एकटेपणाच्या भीतीचं नुकसान दारापाशी आणि खिडकीपाशी असतं. चौकट कुरतडलेली, कडीजवळ नखांच्या रेघा, बऱ्याचदा तुम्ही बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात झालेलं. त्यासोबत लाळ, रडणं, कधी घरातच लघवी. शक्य असेल तर बाहेर पडताना मोबाईल लावून रेकॉर्ड करून ठेवा, चित्र स्पष्ट होतं. पहिल्या कुत्र्याला काम द्यायचं असतं. दुसऱ्याला एकटं राहणं शिकवायचं असतं, दोन मिनिटांपासून सुरुवात करून, हळूहळू. त्याला मार दिला तर भीतीत भर पडते, एवढंच. आणि तिसरा प्रकार म्हणजे अचानक माती, भिंतीचा चुना, कापड गिळायला लागलेलं कुत्रं. त्याच्याशी वाद घालू नका, पशुवैद्याकडे न्या.

आता सूड आणि अपराध याबद्दल. 'त्याला कळतं हो, मी घरात शिरलो की कान पाडून कोपऱ्यात बसतो.' हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाल्या घरात ऐकायला मिळतं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली हे तपासलं. कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही याबद्दल काही मालकांना मुद्दाम चुकीचं सांगितलं. तर अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा, कुत्र्याने खरोखर काही केलं होतं की नव्हतं याचा त्याच्याशी संबंध नव्हता. काही न केलेली कुत्रीही मालकाने दटावल्यावर तोच चेहरा करून बसली. म्हणजे तो चेहरा कबुलीजबाब नसतो. समोरच्याचा राग वाचून 'बाबा रे, शांत हो' म्हणणं असतं. दुपारी दोनला फाडलेल्या उशीसाठी संध्याकाळी सातला पडलेला फटका त्याच्या दृष्टीने उशीचा नसतोच, तो तुमच्या घरी येण्याचा असतो.

तसंच ते 'वर्चस्व दाखवतोय, त्याला खाली दाबा' प्रकरण. त्याचाही इतिहास आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास छापला, त्यातून कळपाचा दादा लांडगा ही कल्पना आली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर नेली. पुढे मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि सांगितलं, की तो कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, दादागिरी वगैरे काही नाही. स्वतःच्याच त्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून ते प्रकाशकामागे लागले. अभ्यासक बदलला, आपल्याकडचे काही प्रशिक्षक अजून १९४७ मध्येच आहेत.

काम द्यायचं म्हणजे काय? घर शाकाहारी असेल तर हाड आणणं जमत नाही, आणि मांसाहारी घरांनाही आमची विनंती आहे, की शिजवलेलं हाड देऊ नका. ते ठिसूळ होतं, त्याचे काटे घशात आणि आतड्यात रुततात. सुती दोराची जाड गाठ, गाजर, आणि ते पोकळ रबरी खेळणं. त्या खेळण्याची जन्मकथाही मजेदार आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात घालवत होता. मार्कहॅम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना तिच्यातला रबराचा एक भाग कुत्र्याने उचलला आणि सोडेचना. त्याच्यावरून 'काँग' हे खेळणं निघालं. त्याच्या पोकळीत दहीभात भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी बाहेर पडताना द्या. अर्धा तास तरी निघून जातो, आणि तो अर्धा तास नेमका तुम्ही गेल्यानंतरचा असतो. जेवणाचे दाणेही वाटीत न घालता जुन्या टॉवेलात गुंडाळून द्यावेत, शोधू देत, हुंगू देत. संध्याकाळचं फिरणं 'चल चल' करत ओढत नेण्यापेक्षा त्याला प्रत्येक खांब वाचू द्यावा. आणि चपला कपाटात. ब्रह्मदत्ताच्या सेवकांनी रथाचा साज त्या रात्री आत उचलून ठेवला असता, तर वाराणसीत एकही कुत्रं मेलं नसतं, पण सकाळी राजाला हे सांगायला कोण धजणार? गटारातून आलेल्या कुत्र्यांवर ढकलणं सोपं होतं.

एवढ्यावर आम्ही थांबतो. प्रश्न बरेच आलेले दिसतायत. पहिला आहे एन-सातमधून, की कुत्रं सहा वर्षांचं आहे, आजवर काही केलं नाही आणि दिवाळीपासून अचानक दार खरवडतं. हा फटाक्यांचा प्रश्न आहे, तो आधी घेऊ.